चुलीजवळचं बोलणं

मिरजेच्या मगदूम रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या कन्सोलला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, 'चूल' हे नाव कुणी ठेवलं, याबद्दल दोन मतं होती. जिनदत्त मगदूम, म्हणजे सगळ्या मिरजेचे अण्णा, म्हणायचे की आपण ठेवलं. बाकीचे म्हणायचे, संगीतकार कागवाडे मास्तरांनी ठेवलं. मास्तर जाऊन वीस वर्षं झाली होती, त्यामुळे वाद मिटण्याची आशा नव्हती. नाव मात्र चपखल होतं. सोळा चॅनलचं, म्हणजे सोळा आवाजांना सोळा वाटा देणारं ते काळं, अवजड धूड सत्तारभाई रेडिओवाल्यांनी १९९४ साली स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. त्यातले निम्मे भाग मुंबईच्या जुन्या बाजारातले होते आणि निम्मे सत्तारभाईंच्या डोक्यातले. तासाभरात ते असं तापायचं, की थंडीत येणारे तबलजी आधी त्याच्यावर हात शेकायचे आणि मगच तबल्याला हात लावायचे.

आता, २०४१ साली, या म्हाताऱ्या चुलीला पुण्याहून मागणी आली होती.

मागणी घेऊन आली ती कैरवी फडणीस. वय सत्तावीस, पायात दोन रंगांचे मोजे आणि पाठीवर स्वतःपेक्षा जड पिशवी. तिची कंपनी जुन्या कन्सोलच्या नकला करून विकायची. नकला लोखंडाच्या नव्हेत, आकड्यांच्या. संगणकावर गाणं मिक्स करताना लावायच्या अशा नकलेला प्लगिन म्हणतात, हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी ती वापरलीही होती, आणि नाकही मुरडलं होतं.

"संगणक आवाजांची बेरीज अगदी अचूक करतो, काका," कैरवी म्हणाली. "तीच तर अडचण आहे."

अडचण खरीच होती. कन्सोलमधून जाताना आवाजाला वाटेत तारा भेटतात, ट्रान्सफॉर्मर भेटतात, आणि प्रत्येक जण त्याला आपापला थोडा मळ लावतो. जोरात आलेला सूर किंचित दबतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे बारीक सूर अंगाला चिकटून येतात. शिवाय कुठलेही दोन चॅनल तंतोतंत सारखे नसतात, कारण बाजारात कुठलेही दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे मिळत नाहीत. एका चॅनलवर हा मळ कानाला कळतही नाही. पण तबला, पेटी, तानपुरा, गळा असे सोळा आवाज सोळा वेगवेगळे मळ लावून एकत्र आले, की गाणं एकजीव होतं. कैरवीचं प्लगिन हाच मळ गणितानं लावणार होतं. प्रत्येक ट्रॅकवर त्याची एक प्रत टाकायची, आणि प्रत्येक प्रत म्हणजे चुलीचा एकेक खराखुरा चॅनल.

"म्हणजे गॅसवर शिजवायचं आणि बाहेर पाटी लावायची, चुलीवरची मिसळ!" अण्णा म्हणाले.

"पाटी नाही हो काका, चव आणायचीय."

"धुराची फोडणी?"

"धुराचीच फोडणी," कैरवी म्हणाली. अण्णांना पोरगी आवडली.

ती तीन आठवडे राहिली. चुलीच्या एकेका चॅनलमधून तिनं मुंगीच्या पावलापासून ढोलाच्या दणक्यापर्यंत सगळे आवाज पाठवून पाहिले. अण्णांच्या कपाटातल्या टेपाही संगणकाला ऐकवल्या, म्हणजे ही चूल खऱ्या गाण्याला कशी वागवते ते त्यानं शिकावं. सातवा चॅनल मधेच झोपायचा आणि त्याला थाप मारून उठवावं लागायचं. कैरवीनं प्लगिनमध्ये त्यासाठी 'थाप' नावाचं बटणच दिलं. त्याचा उपयोग काहीच नव्हता. अण्णा ते दर दहा मिनिटांनी दाबायचे.

एकदा दोघं संगणकावर एक जुनं लग्नगीत मिक्स करत होते. अण्णा डोळे मिटून म्हणाले, "सनई जरा बाहेर काढ."

सनई गप्पच झाली. अण्णांनी डोळे उघडले. कैरवीनं सनईचा ट्रॅक बंद करून टाकला होता.

"अगं, काय केलंस?"

"बाहेर काढ म्हणालात ना? काढली."

"बाहेर काढ म्हणजे पुढं आण! दबलीय बिचारी, तिला वर आण. आमच्याकडं 'बाहेर काढ' म्हणजे तेच. नको असली, तर 'झोपव' म्हणतो आम्ही."

"पुण्यात बाहेर काढ म्हणजे बाहेर काढ," कैरवी म्हणाली. दोघं पोट धरून हसले आणि तो प्रसंग तिथंच विसरले.

शेवटी परीक्षा झाली. एकच गाणं एकदा खऱ्या चुलीतून, एकदा प्लगिनमधून, आणि अण्णा पाठमोरे. पाच वेळा वाजवलं आणि पाचही वेळा अण्णांनी खोटं ओळखलं.

"कशावरून?" कैरवी रडकुंडीला आली होती.

"तुझ्या सातव्यात कुणी कुजबुजत नाही."

मग त्यांनी चुलीचं पोट उघडून दाखवलं. चुलीवर टॉकबॅकचा एक छोटा माइक होता, काचेपलीकडच्या गाणाऱ्याशी बोलायला. त्याचं बटण दाबलं तरच आवाज गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये जायचा. पण माइक स्वतः चोवीस तास जागा असे, बटण फक्त दार उघडायचं काम करी. आणि सत्तारभाईंनी, क्लिपा संपल्या म्हणून, त्या माइकची तार आणि सातव्या चॅनलची तार चक्क सुतळीनं एकत्र बांधली होती. शेजारी बांधलेल्या तारांमध्ये गळती होते, एकीतलं थोडंसं दुसरीत झिरपतं. सातव्यातून, आणि विजेच्या सामाईक तारेमुळं अगदी कणभर बाकीच्या चॅनलमधूनही, काचेआडचं बोलणं टेपवर उतरत होतं. टेपच्या खरखरीपेक्षाही हळू, इतकं हळू की तिथं काहीतरी आहे एवढंच अण्णांच्या कानाला कळायचं.

कैरवीनं वाकून त्या सुतळीचा फोटो काढला.

महिन्यानं ती परत आली ती उड्या मारतच.

"काका, चाळीत भांडण झालं तर प्रत्येक बिऱ्हाडाला काय ऐकू येतं?"

"भिंतीपलीकडून? दोन-चार शब्द."

"आणि सकाळी सगळ्या बायका नळावर जमल्या की?"

"अख्खं भांडण!"

"तेच केलंय आम्ही. टेपच्या प्रत्येक पट्टीवर, म्हणजे प्रत्येक आवाजाच्या वेगळ्या ट्रॅकवर, त्याच बोलण्याचे थोडे थोडे कण आहेत. खरखर प्रत्येक पट्टीवर वेगळी असते, बोलणं मात्र एकच. आणि कुठल्या चॅनलमधून किती गळती होते, हे आता आपल्या प्लगिनला पक्कं माहीत आहे. गणित उलटं फिरवायचं, पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, खरखर खाली बसते आणि बोलणं वर येतं. ऐका."

तिनं १९९९ सालची एक टेप लावली. आधी वाळू चाळल्यासारखा आवाज आला. मग त्यातून, नळीतून बोलावं तसा पण स्पष्ट, कागवाडे मास्तरांचा आवाज आला, "जिनदत्ता, चहा सांगितलास काय रे? का नुसताच डोलायलायस?"

अण्णा खुर्चीत बसले. मास्तरांना स्वतःच्या खांद्यावरून पोचवून आलेला माणूस, त्याला मास्तर चहा विचारत होते. त्यांनी ते वाक्य अकरा वेळा ऐकलं, आणि बाराव्या वेळी नकळत "सांगितलाय, मास्तर," असं उत्तरही दिलं.

त्या वर्षी ही युक्ती जगभर पसरली. प्रत्येक जुना कन्सोल कुठं ना कुठं गळत होताच. काचेआड बसून लोक गाणाऱ्यांबद्दल, एकमेकांबद्दल, आपापल्या घरच्यांबद्दल काय काय बोलले होते, ते सगळं नळावर येऊ लागलं. कुणाला मेलेल्या बापानं केलेलं कौतुक सापडलं, तर कुणाला जिवंत मित्राची गद्दारी. तीस वर्षं एकत्र वाजवत आलेली जोडगोळी चाळीस सेकंदांच्या आवाजावरून फुटली. शेवटी नियम झाला. टेपवर जे जे बोलले-गायले असतील, त्यातल्या हयात असलेल्या सगळ्यांची सही हवी. यंत्रानं बोलणं उलगडल्यावरही, कुणी ऐकण्याआधी, त्यातला कुणीही एक जण ते कायमचं पुसू शकतो. कारण द्यायची गरज नाही.

कैरवी सह्यांचा कागद घेऊन अण्णांच्या कपाटापुढं बसली. एकेक खोका काढून वाचत गेली आणि एका खोक्याशी थांबली.

"त्रिशला, चौदा फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव, अपूर्ण. काका, या त्रिशला कोण?"

"माझी बहीण," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा उत्साह खर्रकन उतरला.

त्रिशला अण्णांपेक्षा आठ वर्षांनी लहान. गळा असा, की तिचं दळणाचं गाणं ऐकून मास्तर जिन्यात थांबले होते. एकोणिसाव्या वर्षी मास्तरांनी तिला पहिलं गाणं दिलं. 'खोल गेलं पाणी बाई, दोर माझा पुरेना.' अंतऱ्यात, ओळीच्या अर्ध्यात, तिनं हेडफोन काढला, चपला पायात सरकवल्या आणि ती निघून गेली. घाबरली, असं सगळे म्हणाले. ते गाणं मग कोल्हापूरच्या एका बाईंनी गायलं. वर्षाच्या आत त्रिशला लग्न होऊन जयसिंगपूरला गेली आणि पुन्हा कधी गायली नाही. भाऊबीजेला यायची, वहिनीशी हसायची, ओवाळायची. स्टुडिओच्या दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी होती. त्या पाटीखाली ती चपला घालूनच उभी राहायची, आत पाऊल टाकायची नाही. तिच्या घरी अण्णा गेले आणि ती स्वयंपाकघरात काही गुणगुणत असली, तर गुणगुणणं थांबायचं. त्रेचाळीस वर्षांत अण्णांनी कधी विचारलं नव्हतं. आधी वाटलं, लाजेल. मग वाटलं, आता काय विचारायचं.

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन जयसिंगपूरला गेले. त्रिशला पावटा सोलत बसली होती.

"जेवणार काय?"

"जेवून आलोय. एक सही पाहिजे तुझी." अण्णांनी सगळं समजावलं. चूल, सुतळी, गळती, मास्तरांचा चहा. त्रिशला मास्तरांच्या चहाला हसली. मग तिनं खोक्याचं नाव वाचलं आणि कागद बाजूला ठेवला.

"ही टेप नको."

"का गं?"

"तुला ठाऊक नाही?"

"काय ठाऊक नाही?"

त्रिशलानं हातातली शेंग सोलून पूर्ण केली. "मी गात होते. मास्तर म्हणाले, 'तिला बाहेर काढ.' आणि तू म्हणालास, 'काढतोच. कालपास्नं तेच म्हणायलोय मी, तुम्हीच ऐकत नव्हता.' हेडफोन होता माझ्या कानाला, अण्णा. सगळं ऐकलं मी."

अण्णांना आधी काही कळेना, आणि मग एकदम सगळं कळलं. त्यांच्या डोळ्यांपुढं मुकी झालेली सनई आली.

"अगं, बाहेर काढ म्हणजे... त्रिशे, आमच्या भाषेत बाहेर काढ म्हणजे पुढं आण! आवाज वर आण!"

"असं?"

"देवाशपथ."

"तुला आठवतंय तू तसं म्हणालास ते?"

खोटं बोलायला एका श्वासाचाही वेळ लागला नसता. पण समोर त्रिशला होती.

"नाही आठवत."

"मग?" ती म्हणाली. "'कालपास्नं' म्हणालास तू. आदल्या दिवशी तुझ्या वहीत मी वाचलं होतं, कोल्हापूरच्या बाईंना फोन, शनिवारची तारीख. तेसुद्धा आवाज वर आणायलाच?"

तो फोन अण्णांना लख्ख आठवत होता. पोरगी नवखी, मास्तरांचं मोठं काम, ऐन वेळी फसलं तर हाताशी कुणीतरी असावं म्हणून त्यांनीच तो केला होता. मग दुसऱ्या दिवशी आपण नेमकं काय म्हणालो असू? सत्ताविसाव्या वर्षीचा जिनदत्त मगदूम तिखट जिभेचा होता. त्याच्या वतीनं शपथ घ्यायची अण्णांची छाती होईना.

त्रिशलानं कागद ओढला आणि सही केली. "घे. तुला काय ऐकायचं ते ऐक. त्या एका शब्दावर मी त्रेचाळीस वर्षं काढली, आता राहिलेली पण निघतील."

टेप उलगडायला यंत्राला दीड दिवस लागला. नेमकी तीच टेप सोपी निघाली. पेटी तेवढी मास्तरांनी आदल्या दिवशीच वाजवून ठेवली होती, त्या दिवशी तबला, टाळ, तानपुरे सगळे त्रिशलाबरोबरच वाजत होते. सात पट्ट्या एकदम फिरत होत्या. सात बिऱ्हाडांनी भांडण ऐकलं होतं.

"शेहेचाळीस सेकंद आहेत," कैरवी म्हणाली. "फक्त यंत्रानं उलगडलंय, कुणी ऐकलेलं नाही. काका, मी चहा घेऊन येते. तुम्ही आधी एकट्यानं ऐका. बरं असलं तर आत्यांना बोलवा. नसलं तर..." तिनं पडद्यावरचं लाल बटण दाखवलं. पुसून टाका.

ती गेली. अण्णा हेडफोन हातात घेऊन बसले. त्यांना भीती वाटत होती. आपण ते वाक्य त्याच अर्थानं बोललो असलो तर? मास्तर गेले, सत्तारभाई गेले, साक्षीला कुणी उरलं नाही, आणि आता ही चूल उठून सांगणार की हो, तूच बहिणीला बाहेर काढलंस. त्यापेक्षा आधी ऐकावं. वाईट निघालं तर पुसावं, आणि यंत्राला जमलं नाही म्हणून सांगावं. कोण विचारणार होतं?

हेडफोन त्यांनी कानापर्यंत नेलासुद्धा.

पण मग त्यांच्या मनात आलं, की आधी स्वतः ऐकून, चांगलं निघालं म्हणून बहिणीला बोलवायचं, त्या बोलावण्यात काय राम? त्रेचाळीस वर्षं ती एकटीच ऐकत आली होती. आता तिच्या आधी आपण ऐकायचं म्हणजे पुन्हा काचेच्या अलीकडं बसणं झालं. त्यांनी हेडफोन खुंटीला अडकवला आणि फोन उचलला.

"त्रिशे, उद्या ये. मी ऐकलेलं नाही. दोघं मिळून ऐकू."

"आत येणार नाही मी," त्रिशला म्हणाली.

"नको येऊस. स्पीकर अंगणात आणतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ती आली. कैरवीनं स्पीकर अंगणात स्टुलावर ठेवला होता. त्रिशला पायरीवर, पाटीखाली बसली. चपला पायात, मांडीवर पर्स, आत्ता उठून जाणाऱ्या पाहुण्यासारखी. अण्णा तिच्या शेजारी बसले.

"वाजवण्याआधी एक सांगतो," ते म्हणाले. "फोन मी केला होता, कोल्हापूरला. तुला जमलं नाही तर म्हणून. माझा विश्वास कमी पडला. टेपवर काही का असेना, एवढं माझ्याकडनं ऐक."

त्रिशलानं मान हलवली. रागानं नव्हे. "लाव," ती कैरवीला म्हणाली.

आधी वाळू चाळली गेली. मग अगदी लांबून, एकोणीस वर्षांच्या त्रिशलाचा गळा. खोल गेलं पाणी बाई, दोर माझा पुरेना. आणि त्याच्यावर मास्तर, जवळ.

"जिनदत्ता, पेटी फार वाजायलीय रे. पोरगी खाली गाडली गेली."

"तुमचीच पेटी, मास्तर. तुम्हाला कोण सांगणार?" तरुण अण्णांचा आवाज, हसरा.

"मग मीच सांगतोय न्हवं."

आणि इथं एक आवाज आला. टक्. पत्र्यावर पत्रा ठेवल्यासारखा.

"पानाचा डबा!" अण्णा ओरडलेच. "मास्तरांचा पानाचा डबा! कायम चुलीवर ठेवायचे. बटणावर ठेवला, बटणावर! तिथनं पुढचं तुला ऐकू गेलं!"

"गप की," त्रिशला म्हणाली.

"तिला बाहेर काढ," मास्तर म्हणत होते.

"काढतोच. कालपास्नं तेच म्हणायलोय मी, तुम्हीच ऐकत नव्हता."

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज, सुपारीची खुळखुळ. मग पुन्हा टक्. डबा उचलला गेला होता आणि दार मिटलं होतं. इथून पुढचं त्रिशलानं त्रेचाळीस वर्षांत कधी ऐकलेलं नव्हतं.

"पेटी निम्म्यावर आण," मास्तर म्हणाले, तोंडात पान धरून. "पेटी काय, कुणीही वाजवंल. ही पोर मिरजेचं नाव काढणार बघ."

"मी आत्ताच कोल्हापूरच्या बाईंना फोन करून नको म्हणून सांगतो."

"सांग, सांग. आणि पोरीला पेढे—"

लांबचा गळा म्हणाला, घागर रिती... आणि थांबला.

"काय झालं?" तरुण अण्णा विचारत होते. "मास्तर, का थांबली ती?"

वाळू चाळली गेली आणि संपली.

कैरवीनं डोळे पुसले. अण्णांच्या छातीवरून कुणीतरी जातं उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि इतका मोकळा श्वास घ्यायची सवय नसल्यानं त्यांना ठसकाच लागला. ते खोकत राहिले. त्रिशला त्यांच्या पाठीवर थापा मारत राहिली, आणि थापा मारता मारता हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

"पानाचा डबा," ती म्हणाली. "अण्णा, पानाच्या डब्यानं माझं..."

"विचारलं असतं मी त्याच संध्याकाळी, तर..."

"मी सांगितलं असतं काय? मला वाटलं, तुला ठाऊकच आहे. आणि पेढे म्हणे!" तिनं पदरानं नाक पुसलं. "पेढेसुद्धा राहिले की रे!"

"आणतो. किलोभर आणतो."

"साखर वाढलीय माझी. पाव किलो आण."

ती उठली. अण्णांना वाटलं, निघाली. त्रिशलानं एकदा डोक्यावरची पाटी वाचली, आणि चपला काढून भिंतीशी नीट जोडीनं ठेवल्या. मग ती आत गेली, काचेपलीकडच्या खोलीत, आणि उभ्या माइकपुढं उभी राहिली. सगळं लहान वाटतंय, असं काहीतरी ती म्हणाली. काचेमुळं, अलीकडच्या खोलीत आलेल्या अण्णांना नुसते ओठ दिसले.

कैरवीनं धावत जाऊन तिच्या कानाला हेडफोन लावला, समोरचा माइक चालू केला, टॉकबॅकची तार जोडली, आणि टेपच्या पट्ट्या संगणकावर मांडल्या. प्रत्येक पट्टीवर चुलीचा एकेक चॅनल. पेटी वाजू लागली, मास्तरांची, भरघोस, सगळ्यांना झाकून टाकणारी. तिच्याखालून एकोणीस वर्षांची पोरगी गात आली. खोल गेलं पाणी बाई, दोर माझा पुरेना. अंतरा आला. घागर रिती... आणि त्या जागेवर तो गळा थांबला, कायम थांबायचा तसा.

काचेपलीकडं बासष्ट वर्षांच्या त्रिशलानं डोळे मिटले आणि उरलेली ओळ गायली. आवाज खाली उतरला होता, कडेला थोडा फाटलेला होता, पण सूर जिथं सोडला होता तिथंच सापडला. घागर रिती घेऊन जाता, वाट घरची सरेना.

अण्णांनी सवयीनं चुलीकडं हात नेला. टॉकबॅकच्या बटणावर काही ठेवलेलं नाही ना, हे आधी पाहिलं. मग ते नीट, पूर्ण दाबलं आणि दाबूनच धरलं.

"त्रिशे, पेटीखाली दबलीयस तू. बाहेर काढू?"

काचेपलीकडून ती हसली.

"काढ," ती म्हणाली.